मानाच्या पावाची खालची बाजू

चौथा स्क्रू काही केल्या निघेना. वुकादिन स्टुलावर चढून भाजीच्या सुरीचं टोक त्याच्या खाचेत घालून पिळत होता, आणि बाकी सगळीकडून सुटलेली पितळी पाटी दाराशेजारच्या भिंतीवर लंबकासारखी झुलत होती. शेवटी त्याने ती दोन्ही हातांनी धरून ओढली. पाटी, स्क्रू, मूठभर गिलावा आणि वुकादिन असे चौघं एकदमच खाली आले.

"लागलं का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून फादिलाने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

"नाही," वुकादिन जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला. पाटी त्याने पोटाशी धरली होती.

पाटीवर उठावाची अक्षरं होती. 'आजारी मुलांच्या पालकांसाठी निवारा. दानशूर नागरिकांकडून.' त्यात खोटं काहीच नव्हतं. बेलग्रादच्या मुलांच्या इस्पितळामागे हे दुमजली घर होतं. लांबून आलेल्या आईबापांना तिथे फुकट खोली, फुकट साबण आणि फ्रिजमध्ये खोलीच्या नंबराचा एक कप्पा मिळायचा. वुकादिन मार्चपासून इथे राहत होता. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, कोसाराच्या रक्तात दोष निघाला होता. वॉर्डात एकालाच राहू देत, म्हणून बायको मिलुंका तिच्यापाशी आणि हा दिवसभर काचेच्या अलीकडे उभा. मागच्या आठवड्यात कोसाराचे रिपोर्ट पुन्हा बिघडले होते. डॉक्टर म्हणाले होते, सोमवारपर्यंत बघू.

खोटं होतं ते वुकादिनने गावात सांगितलेलं. बेलग्रादला फ्लॅट घेतलाय भाड्याने, असं तो पहिल्या फोनवर बोलून गेला. मग तो फ्लॅट प्रत्येक फोनला वाढत गेला. मे महिन्यात त्याला गॅलरी फुटली, ऑगस्टपर्यंत पाहुण्यांची वेगळी खोली तयार झाली. गावाहून जॅमच्या बाटल्या पाठवायच्या म्हणून काकूने पत्ता मागितला, तेव्हा त्याने तो दिला. पार्सलबरोबर कुठे कोणी पाटी वाचायला येतं.

आणि आज सकाळी काकूचा फोन आला होता, तोही थेट बसमधून.

आज त्यांच्या कुळाच्या संताचा, अरांजेलचा दिवस. स्लावा. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला बसवून खाऊपिऊ घालावं लागतं. दिवस घरच्या घरी, चोरून पाळायचा असं वुकादिनने ठरवलं होतं. ज्या वर्षी पोरगी आजारी, त्याच वर्षी संताला चुकवायचं, एवढी छाती त्याच्यात नव्हती. एक मेणबत्ती, एक मानाचा पाव, एवढंच. पाहुण्यांच्या बाबतीत त्याची सगळी भिस्त पाच तासांच्या खराब रस्त्यावर होती. पण काकूचं वय झालं असलं तरी कंबर शाबूत होती, आणि तिच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ रादिसावही येत होता.

काकूचं त्याला काही नव्हतं. भीती रादिसावची होती.

पुराच्या वर्षी नदी रादिसावच्या घरात छपरापर्यंत शिरली होती. वुकादिनचं घर टेकाडावर, ते वाचलं. मदतीचा ट्रक आला तेव्हा रादिसाव रांगेत उभा राहिला आणि बूट, तेलाची बाटली आणि लाल पट्ट्याची एक करडी घोंगडी घेऊन परतला. वुकादिनने त्या संध्याकाळी गुत्त्यात भावाला नाव ठेवलं, घोंगडीपती. आपल्या घराण्यात कोणी असं हात पसरून उभं राहिलेलं नाही, असंही म्हणाला. लोक पोट धरून हसले. नाव इतकं चपखल बसलं, की पुढे शाळेत मास्तरही रादिसावच्या पोरांना घोंगडीपतीची पोरं म्हणायला लागले. रादिसाव त्यावर कधी काही बोलला नाही. हेच वुकादिनला सगळ्यात वाईट वाटायचं. म्हणजे तेव्हा वाटायचं नाही, मार्चपासून वाटायला लागलं होतं.

भिंतीवर पाटीच्या जागी स्वच्छ पांढरा चौकोन आणि चार भोकं राहिली होती. वुकादिनने स्वयंपाकघरातली वाळक्या लाल मिरच्यांची माळ आणून त्यावर टांगली. भोकं झाकली गेली. घर एकदम कोणाच्या तरी मालकीचं दिसायला लागलं.

आता पाटीचं काय करायचं. पलंगाखाली ठेवावी तर काकू वाकून वाकून धूळ बघणारी बाई. शेवटी त्याने स्वयंपाकघरातला मोठा बेकिंगचा ट्रे घेतला, त्यात पाटी ठेवली, वर कागद अंथरला, कडा नीट मुडपल्या आणि ट्रे ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून दिला. कोणी बघितलं तरी रिकामा ट्रे.

फादिला पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती. ती नोवी पाझारची. तिचा धाकटा हृदयाच्या वॉर्डात होता. वुकादिनला चहासुद्धा धड येत नव्हता, म्हणून त्याने सकाळी तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"भाऊ, एक विचारते," ती म्हणाली. "तुमच्या संताला चालेल ना, मुसलमान बाईने मळलेलं?"

"संत काही पीठ बघायला येत नाहीये. काकू येतेय."

"मग काकूला चालेल का?"

"काकूला सांगायचं नाही."

"बरं. डुकराचं तेवढं तुमचं तुम्ही भाजा. पीठ माझ्याकडे."

घराच्या व्यवस्थापिका देसांकाताई नेमक्या आज कुठल्याशा कंपनीच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, म्हणजे आणखी कापडी अस्वलं आणायला. जी कंपनी यायची ती अस्वलंच द्यायची. मुलं इस्पितळात आणि अस्वलं इथे, सोफ्यावर, जिन्यावर, फ्रिजवर. एकदा पेपरवाले फोटो काढायला आले तेव्हा वुकादिनने एक अस्वल तोंडासमोर धरलं होतं. पेपरात अस्वलाचा फोटो फार छान आला. आज त्याने सगळी अस्वलं जिन्याखालच्या कपाटात कोंबली आणि दार खांद्याने रेटून बंद केलं. छताला आगीची सूचना देणारं यंत्र होतं, आणि स्लावाची मेणबत्ती दिवसभर जळायला हवी. फादिलाने त्या यंत्राला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली.

राहिला तिहोमिर. वरच्या खोलीतला हा धिप्पाड क्रेन ड्रायव्हर सहा आठवड्यांच्या मुलीचा बाप होता, आणि ती पहिल्या दिवसापासून काचेच्या पेटीत होती. त्याला वुकादिनने विनवलं, की पाहुणे असेपर्यंत तू माझा भाडेकरू. तिहोमिरला फार दिवसांनी काहीतरी करायला मिळालं होतं. तो मनापासून तयार झाला, आणि हीच चूक झाली.

पाहुणे दुपारी आले. काकू काळ्या ओढणीत, हातात पिशव्या. मागे रादिसाव, काखेत सुतळीने बांधलेलं एक गाठोडं. त्याने टोपी काढली, घराकडे खालून वर बघितलं, मिरच्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"मोठं आहे," तो म्हणाला.

वुकादिनने भावाचा कोट घेतला आणि खुंटीला लावला. तेवढ्यात काकूने स्वतःचा कोट ठेवायला जिन्याखालचं कपाट उघडलं. पहिलं अस्वल तिच्या छातीवर आलं, बाकीची पायांत. काकूने तीनदा क्रूसाची खूण केली.

"कोसाराला आवडतात," वुकादिन म्हणाला.

"एवढी?"

"एकेकीला एकेक आवड असते, काकू."

दारात ओळीने मांडलेल्या सपाता काकूने नजरेने मोजल्या. फ्रिज उघडून कप्प्यांवरचे मोठाले नंबर वाचले. शिस्त, वुकादिनने सांगितलं. वरच्या प्लास्टिकच्या टोपीबद्दल विचारलं, तेव्हा दिव्याला धूळ लागू नये म्हणून, असं फादिला म्हणाली. ही कोण, तर शेजारीण. शेजारणीला तुझ्या घरातलं मीठ कुठे आहे ते तुझ्या आधी कसं सापडतं, असं काकूने विचारलं नाही, पण तोंड तसंच केलं. रादिसाव मात्र काहीच विचारत नव्हता. भिंतीवर निवाऱ्याच्या नियमांचा कागद काढून त्या जागी वुकादिनने लावलेलं कॅलेंडरही त्याने निवांत वाचलं.

तेवढ्यात तिहोमिर धाडधाड जिना उतरून आला.

"मालक," तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भाडं वेळेवर घेता, आणि वरचा नळ दोन महिने टपकतोय त्याचं काय? माणसं आहोत आम्ही का बदकं?"

नळ खरंच टपकत होता. वुकादिनने त्याला डोळ्याने दटावलं. तिहोमिरला वाटलं आपलं काम रंगलंय, म्हणून त्याने ओलीचा विषय काढला, खिडकीच्या फटीचा काढला, आणि आधीचे मालक बरे होते असंही म्हणाला. काकू पुतण्याकडे बघत राहिली. गरिबाला असं छळतोस होय रे, ती हळूच म्हणाली. रादिसाव उठला, पान्हा आहे का विचारलं, आणि तिहोमिरला घेऊन वर गेला. बराच वेळ पाइपवर ठोकल्याचा आवाज येत राहिला. वुकादिन खाली मांस कापत होता. एकदा त्याने बोट कापून घेतलं.

रादिसाव खाली आला तेव्हा हात पुसत म्हणाला, "वायसर गेला होता. बसवला." मग जरा थांबून, "त्याची मुलगी लहान आहे फार."

"हो," वुकादिन म्हणाला. भाडेकरू असल्या गोष्टी सांगतो, हे ठरलेल्यात नव्हतं.

मेणबत्ती लागली. संताची तसबीर लावली. टेबलावर भाजलेलं मांस, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, काकूचं लोणचं, राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची बाटली. फादिलाने भट्टीतून मानाचा पाव आणून मधोमध ठेवला. वर कणकेची वेणी, वेणीच्या मधे फूल, कडेने पानं. अंडं लावून सोनेरी केलेला. काकूने हातांनी तोंड झाकलं. असा पाव गावात मिलुंकालाही जमत नाही, असं ती म्हणाली, आणि कोणी केला म्हणून कोणाला विचारलं नाही. फादिला खाली बघून हसली.

"कमाल म्हणजे ट्रेसुद्धा तयार होता," ती वुकादिनच्या कानाशी म्हणाली. "कागद घालून ठेवलेला. तुम्हीच ठेवलात ना? जड होता, पण बाकी सगळे मांसात अडकलेले."

वुकादिनच्या हातातली सुरी तशीच राहिली.

पाव कापायची रीत ठरलेली आहे. घरधनी आणि घरातला थोरला, दोघं तो उचलतात, पालथा करतात, आणि खालच्या बाजूला क्रूस कापून वरून वाइन ओततात. वुकादिन म्हणाला, यंदा पालथा नको करूया. काकूने विचारलं, का, काय झालंय. तो म्हणाला, वेणी मोडेल. काकू म्हणाली, आजोबांपासून मोडतेय. रादिसावने टेबलापलीकडून दोन्ही हात पुढे केले. मग वुकादिनलाही करावे लागले. पाव उचलला आणि पालथा केला.

खालच्या बाजूला, खरपूस भाजलेल्या कवचात, अक्षरं उमटली होती. उलटी, पण एक वेलांटीही न चुकलेली. मधली ओळ तर छापखान्यातून काढल्यासारखी.

उलटं वाचायला वेळ लागतो. रादिसावलाही लागला. तिहोमिरने मान वाकडी करून वाचलं आणि पटकन छताकडे बघायला लागला. फादिलाचा हात तोंडाशी गेला. वुकादिनला वाटलं, आता पुन्हा पूर यावा, या खेपेला टेकाडापर्यंत.

"काय रे लिहिलंय?" काकूने विचारलं. तिचा चष्मा बसमध्ये खाताना डब्यात गेला होता.

"संताचं नाव," रादिसाव म्हणाला.

काकू वाकली आणि त्या अक्षरांवर तिने ओठ टेकवले.

रादिसावने सुरी घेऊन क्रूस कापला. मग वाइनची बाटली घेतली आणि नेहमीपेक्षा जास्त ओतली, बरीच जास्त. कदाचित त्याच्या मनात होतं की सगळं भिजून पुसलं जाईल. झालं उलटंच. वाइन खाचांमधून धावली आणि अक्षरन् अक्षर लालभडक होऊन उठून दिसायला लागलं. 'दानशूर' तर दारातूनही वाचता आलं असतं.

त्यांनी पाव हातात धरून गोल फिरवला. फादिला आणि तिहोमिरनेही खालून बोटं लावली, कारण जो टेबलापाशी आहे त्याने लावायची असतात. काकू कातर आवाजात स्तोत्र म्हणत होती. तिहोमिर पुढची ओळ उचलून एवढ्या खर्जात गायला, की तसबीर थरथरली. मग पाव मोडला. ज्याच्या हातात जो तुकडा आला तो त्याने खाल्ला. फादिलाने आपला तुकडा उलटवला, अक्षरं खाली गेली, आणि मग तोंडात घातला. एक तुकडा कोसारासाठी रुमालात बांधून ठेवला. बाहेरचं तिला चालत नाही, पण बघेल तरी, काकू म्हणाली.

रादिसावने पेला उचलला. घरातल्या थोरल्याने बोलायचं असतं.

"हे घर ज्यांनी उभं केलं त्यांना आरोग्य," तो म्हणाला. "इथे जे राहतात त्यांना. त्यांच्या पोरांना."

सगळे प्यायले. वुकादिनने पेला ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला.

परतीची बस संध्याकाळची होती. काकू अस्वलांना नीट ओळीत बसवून मग फादिलाच्या गालांना धरून तिचा निरोप घेत राहिली. दोघे भाऊ पुढे होऊन दारात उभे राहिले. गार वारा होता. मिरच्या वाजत होत्या.

"कोसारा बोलली होती उन्हाळ्यात," रादिसाव रस्त्याकडे बघत म्हणाला. "फोनवर. म्हणाली, काका, बाबा राहतो त्या घरात दुसऱ्या मुलांच्या खूप आया आहेत."

वुकादिनने मान खाली घातली. रादिसावने काखेतलं गाठोडं त्याच्याकडे दिलं. सुतळी एका बाजूने सैल झाली होती, आणि आतून करड्या लोकरीवरचा लाल पट्टा दिसत होता.

"वॉर्डात घेणार नाहीत," वुकादिन म्हणाला.

"तिला नाही आणली. तुला लहानपणापासून थंडी वाजते." आणि मग, "गरम आहे. मला माहितीय."

वुकादिनला त्याच्याकडे बघायचं होतं. त्याने गाठोड्याच्या गाठीकडे बघितलं. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी खाकरलं.

एक तरुण माणूस होता, दोन्ही हातांत बॅगा. मागे त्याची बायको, पातळ कोटात, काखेत एक लहानशी उशी. उशीवर बदकं छापलेली. तिचे ओठ निळे पडले होते.

"माफ करा," माणूस म्हणाला. "इथे जवळ ते पालकांचं घर कुठे आहे? आमच्या बाळाला ॲम्ब्युलन्सने आणलं, आम्ही मागून बसने आलो. नर्स म्हणाली याच गल्लीत, पितळी पाटी बघा. दुपारपासून बघतोय. पाटी कुठे दिसतच नाही."

"इथून दोनदा गेलो," बायको म्हणाली. "पण आत गाणं चाललं होतं. मी म्हटलं कोणाचं तरी घर आहे, स्लावा आहे त्यांची. आपण कशाला मधे."

वुकादिनचे कान तापले. आजच्या दिवशी कोणालाही दारातून परत पाठवत नाहीत, रस्त्यावरच्या अनोळख्यालासुद्धा, आणि ही दोघं त्याने टांगलेल्या मिरच्यांच्या माळेखालून दोनदा परत गेली होती. आत वरच्या मजल्यावर एक खोली सकाळपासून त्यांच्यासाठी तयार करून ठेवलेली होती. त्याला ते माहीत होतं. त्यानेच चादरी घातल्या होत्या.

भाऊ शेजारी उभा होता. काकू मागे दारात येऊन थांबली होती.

"हेच ते," वुकादिन म्हणाला. मग काकूलाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "हेच ते घर. आम्हीपण इथेच राहतो. मार्चपासून."

काकू मागून पुढे झाली. तिने पायरी उतरून त्या तरुण मुलीच्या काखेतली उशी घेतली आणि तिला आत न्यायला लागली. वुकादिनने सुतळी सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, मग ओढून काढली, आणि घोंगडी मुलीच्या खांद्यावर टाकली. ती जुनी, धुऊन मऊ झालेली होती. मुलीने लगेच तिच्यात हात गुंडाळले.

तो स्वयंपाकघरात गेला. ट्रे ओट्यावर तसाच होता. कागद फाडून त्याने पाटी काढली, ती अजून कोमट होती आणि कडेला थोडी काळवंडली होती. काही अक्षरांमधे कागद आणि कणीक जळून बसली होती. फादिला बघत होती. भट्टीत काय भाजलं ते आत्ता तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं की रडू, ते तिलाही कळत नव्हतं. त्याने टेबलावरची सुरी घेतली, खिशातले स्क्रू चाचपले आणि बाहेर येऊन स्टूल ओढलं. मिरच्या काढल्या. वर तिहोमिरने नळ उघडून बंद केला, मग पुन्हा उघडून बंद केला.

"दादा," वुकादिन म्हणाला, "जरा धर."

रादिसावने टोपी खिशात घातली आणि दोन्ही हातांनी पाटी भिंतीला लावून धरली. वुकादिन स्क्रू पिळायला लागला. बसची वेळ होत आली होती.

"वाकडी होतेय," रादिसाव म्हणाला. "डावीकडून वर घे."